कॅनन की सोनी? आधी फोनमधले फोटो चाळा

प्रश्न: सर, मी कोल्हापुरात शाळेत शिकवते. फोटोची आवड आहे, पण आजवर सगळं फोनवरच. सासूबाई एक्क्याऐंशीच्या आहेत, अजून रोज सकाळी स्वतः भाकऱ्या थापतात. त्यांचे फोटो काढते तेव्हा फोन त्यांच्या सुरकुत्याच घालवतो. चेहरा पीठ चोपडल्यासारखा गुळगुळीत येतो. मुलगी सहावीत आहे, शाळेच्या खो-खो संघात खेळते, तिचे फोटो काढायचे तर ती फोटोत मुंगीएवढी. शिवाय वर्ग, स्नेहसंमेलन, सहली हे आहेच. मोठा कॅमेरा आणि लेन्सची पिशवी मला झेपणार नाही, पर्समध्ये मावेल असाच हवा. भाचा पुण्यात असतो, तो म्हणतो डोळे झाकून सोनी आरएक्स१०० मार्क ७ घे. इथला दुकानदार म्हणतो कॅनन जी७ एक्स मार्क ३ घ्या. दोन्हींत वीस मेगापिक्सेल, दोन्ही दिसायला सारखेच, मग किमतीत एवढा फरक का? आणि मिस्टरांचं म्हणणं, एवढ्या पैशांत नवा फ्रीज येईल. काय करू?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

नमस्कार बाई,

फ्रीजचा निकाल मी लावणार नाही, तो तुमच्या घरचा मामला. कॅमेऱ्याचं बोलू.

भाचाही बरोबर आहे आणि दुकानदारही. अडचण एवढीच, की दोघांपैकी कुणीही तुम्ही फोटो कसले काढता हे विचारलेलं दिसत नाही. तुम्ही मात्र पत्रात ते नेमकं लिहिलंय, त्यामुळे माझं काम सोपं झालं. एका बाजूला सकाळच्या अर्धवट उजेडातलं स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला भर उन्हातलं मैदान. हे दोन कॅमेरे नेमके याच दोन टोकांना उभे आहेत. कॅननने उजेड घेतलाय, सोनीने अंतर. बाकी सगळा तपशील.

आधी सारखं काय ते बघू, म्हणजे त्यात वेळ जायला नको. दोन्ही कॅमेरे जुलै २०१९ मध्ये जाहीर झाले. दोन्हींतला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, एकाच मापाचा, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, ज्याला बाजारात 'एक इंची' म्हणतात. वजन कॅननचं ३०४ ग्रॅम, सोनीचं ३०२, बॅटरी-कार्ड धरून. दोन्हींचा पडदा वर उलटून आपल्याकडे तोंड करतो. दोन्हींत फ्लॅश आत बसलेला, दोन्हींना बाहेरचा माइक लावता येतो, दोन्ही फोरके व्हिडिओ काढतात. वीस मेगापिक्सेल दोन्हीकडे आहेत हे तुम्ही बघितलंच आहे. तो आकडा आता विसरून जा, त्यावरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते लेन्सवरून. कॅननची लेन्स २४ ते १०० मिलिमीटर, सोनीची २४ ते २००. म्हणजे दोन्ही सारख्याच रुंद कोनापासून सुरू होतात, पण सोनी दुप्पट लांबवर पोचतो. आता दुसरा आकडा बघा, जो दुकानात सहसा कुणी सांगत नाही. कॅननवर एफ १.८ ते २.८ लिहिलंय, सोनीवर एफ २.८ ते ४.५. एफच्या पुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि उजेड जास्त. सर्वांत रुंद कोनात कॅननच्या लेन्समधून सोनीच्या जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो.

अडीचपट म्हणजे प्रत्यक्षात काय, ते तुमच्या सासूबाईंच्या ओट्याशी उभं राहून बघू. सकाळची वेळ, एक ट्यूबलाइट, खिडकीतून थोडा उजेड. हात भाकरीवर फिरतोय. तो हात पुसट न येता धरायचा तर शटर, म्हणजे उजेड आत घेणारी झडप, सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतकं तरी वेगवान हवं. अशा उजेडात एफ १.८ वर कॅननचं काम साधारण आयएसओ ८०० मध्ये होईल (आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा). तोच फोटो सोनीने एफ २.८ वर काढायचा तर आयएसओ दोन हजारावर न्यावा लागेल, नाहीतर शटर पन्नासाव्या भागावर आणावं लागेल. शटर कमी केलंत तर हात पुसट. आयएसओ वाढवलात तर कणी येणार, आणि ती घालवायला कॅमेरा चेहरा घासूनपुसून काढणार. म्हणजे फोनची जी तक्रार तुम्ही केलीत, तीच थोड्या कमी प्रमाणात परत.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चेहऱ्याचा फोटो कुणी २४ मिलिमीटरवर काढू नये, नाक मोठं येतं. थोडं झूम करून ५० च्या आसपास यावं. तिथे कॅननची लेन्सही १.८ ची राहत नाही, २.८ वर येते. पण तोवर सोनी ४ च्या घरात पोचलेला असतो. म्हणजे अडीचपटीचा फरक दुपटीवर आला, गेला नाही. स्नेहसंमेलनातही हेच होणार. प्रेक्षकांत पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलात, रंगमंच आठ मीटरवर धरला, तर १०० मिलिमीटरमध्ये जवळपास तीन मीटर रुंदीचा भाग मावतो. नाचणाऱ्या दोन-तीन मुली पायांपासून डोक्यापर्यंत. तिथे कॅनन एफ २.८ वर आहे आणि सोनी ४ च्या पुढे. आपल्या शाळांच्या रंगमंचावर दोन हॅलोजन आणि चार रंगीत एलईडी एवढाच उजेड असतो, त्यात हा फरक डोळ्यांना दिसतो.

आता मैदानावर चला, म्हणजे भाच्याचं म्हणणं पटेल.

संध्याकाळचे चार वाजलेत, ऊन आहे, तुम्ही मैदानाच्या रेषेबाहेर आहात आणि मुलगी पंधरा मीटरवर पळतेय. १०० मिलिमीटरमध्ये त्या अंतरावरचा साडेपाच मीटर रुंदीचा भाग येतो. त्यात तुमची मुलगी, पाठीमागे सूर मारणारी दुसरी मुलगी, बसलेल्या दोघी-तिघी, असं सगळं मावेल. फोटो म्हणून तो वाईट नाही, खेळ कळतो. पण चेहऱ्यावरची जिद्द हवी असेल तर २०० मिलिमीटर लागतं, तिथे रुंदी पावणेतीन मीटरवर येते आणि मुलगी फोटोभर होते. शिवाय उन्हात सोनीच्या कमी उजेडाच्या लेन्सचं काही अडत नाही. ४.५ वरही शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर सहज जातं आणि आयएसओ शंभर-दोनशेत राहतो.

यावर दुकानदार म्हणेल, कॅननचा फोटो कापून मोठा करा. बरोबर आहे, करता येतो. १०० चा फोटो कापून २०० सारखा केलात तर वीसातले पाच मेगापिक्सेल उरतात. पाच मेगापिक्सेलमध्ये सहा बाय नऊ इंचांचा प्रिंट स्वच्छ येतो आणि व्हॉट्सॲपला तर त्याहून कितीतरी कमी पुरतात. त्यामुळे फक्त पोहोच हा सोनी घेण्याचा मुद्दा असेल, तर तो दिसतो तेवढा मोठा नाही.

मोठा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो जाहिरातीतल्या आकड्यांखाली दबलेला असतो: फोकस.

कॅनन फोकस शोधतो तो चाचपडत. लेन्स थोडी पुढे नेतो, चित्र स्पष्ट होतंय का बघतो, अजून पुढे नेतो, नेमकी जागा ओलांडून पलीकडे गेला की लक्षात येतं, मग मागे येतो. बसलेल्या माणसासाठी हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं, तुम्हाला जाणवणारही नाही. पण अंगावर धावत येणारी मुलगी तोवर दोन पावलं पुढे आलेली असते. सोनीच्या सेन्सरवर ३५७ ठिकाणी असे बिंदू आहेत, जे लेन्स कुठल्या बाजूला आणि किती हलवायची हे आधीच सांगतात. चाचपडणं नाही. त्यातून हा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो आणि काढताना पडदा काळा होत नाही. एकदा मुलीच्या चेहऱ्यावर धरलं, की ती वळली, वाकली, दुसऱ्या मुलीच्या मागून गेली तरी तो तिला सहसा सोडत नाही. हे इतक्या लहान कॅमेऱ्यात असणं हीच सोनीची खरी किंमत आहे. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत सोनीला १,२०० डॉलर लावले होते आणि कॅननला ७५० डॉलर. तुमचा प्रश्न होता ना, फरक का? तो या बिंदूंचा, दुप्पट झूमचा आणि वरच्या कोपऱ्यातून टुपकन बाहेर येणाऱ्या त्या इवल्याशा व्ह्यूफाइंडरचा आहे. व्ह्यूफाइंडरला हसू नका हं. मे महिन्यात दुपारी पन्हाळ्यावर उभ्या राहा, कॅननच्या पडद्यावर तुम्हाला स्वतःचाच चेहरा दिसेल. सोनीला डोळा लावून फोटो काढता येतो.

मग सोनी घ्या म्हणतोय का? थांबा.

तुमच्या फोनमध्ये मागच्या वर्षभराचे फोटो असतील. एका निवांत संध्याकाळी ते चाळा. शाळेच्या नोंदवह्यांचे आणि किराणा याद्यांचे फोटो सोडून द्या. उरलेल्यांत बघा, वाईट आलेला फोटो कशामुळे वाईट आलाय. अंधारामुळे पुसट किंवा रवाळ आलाय? की माणूस लांब होता म्हणून तुम्ही दोन बोटांनी ओढून मोठा केलात आणि त्याचा चिखल झाला? की हलणाऱ्या माणसाचा नेम चुकला? गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवलात की खाली आयएसओ आणि शटर लिहिलेलं येतं. तिथे हजाराच्या आसपासचे आयएसओ सारखे दिसायला लागले, तर तुम्ही कमी उजेडात जास्त फोटो काढता हे समजायला तज्ज्ञ नको.

माझा अंदाज सांगू? घर, वर्ग, रंगमंच, वाढदिवस, हळदी-कुंकू हे सगळं छपराखालचं आहे. रोजच्या फोटोंतला मोठा भाग तोच निघतो. खो-खोचे सामने वर्षातून ठरावीक दिवस. त्या दिवसांसाठी वर्षभर कमी उजेडाची लेन्स बाळगायची आणि वर पैसेही जास्त मोजायचे, हे मला पटत नाही. म्हणून तुमच्यासाठी माझं मत कॅननला. पण चाळून झाल्यावर एक तृतीयांशाहून जास्त फोटो मैदानावरचे किंवा लांबचे निघाले, तर माझं ऐकू नका, भाच्याचं ऐका.

कॅनन घेतलात तर खो-खोचं काय, याला एक युक्ती आहे. पळणारी मुलगी कुठे जाईल हे सांगता येत नाही, पण खांब हलत नाही. पाठलाग करणारी खांबाला वळसा घालते, सूर मारायचे बरेचसे प्रसंग तिथेच घडतात. तुम्ही खांबापासून पाच-सहा मीटरवर, पंचांच्या आड न येता बसा. खांबावर फोकस धरा आणि तो मॅन्युअलवर टाकून कुलूपबंद करा. वरचं चाक एमवर आणा, छिद्र, म्हणजे लेन्सचं तोंड, एफ ५.६ ठेवा, शटर हजारावा भाग, आयएसओ ऑटो. आता कॅमेऱ्याला काही शोधायचंच नाही. मुलगी खांबाशी आली की बटण दाबून धरायचं. चाचपडण्याचा दोष इथे आड येत नाही, आणि इतक्या जवळून १०० मिलिमीटर भरपूर होतं. बसून काढा मात्र. उभं राहून काढलेल्या फोटोत सगळ्या मुली बुटक्या दिसतात आणि मागे नुसती माती येते. बसलात की मागे आभाळ आणि ओरडणाऱ्या मैत्रिणी येतात.

सासूबाईंसाठी. कॅननवरच्या चाकावर एव्ही नावाची खूण आहे, तिथे ठेवा, म्हणजे छिद्र तुम्ही ठरवता आणि शटर कॅमेरा. छिद्र सर्वांत लहान आकड्यावर. आयएसओ ऑटो, पण त्याची वरची मर्यादा ३२०० वर बांधून टाका. चेहरा गुळगुळीत करणाऱ्या सोयी याही कॅमेऱ्यात आहेत, सेल्फीच्या प्रकारात विशेष. तिकडे फिरकूच नका. शक्य असेल तर ट्यूब बंद करून मागचं दार उघडा. बाजूने येणाऱ्या उजेडात सुरकुती सुरकुतीसारखी दिसते. डोक्यावरच्या ट्यूबमध्ये डोळ्यांखाली खड्डे पडतात आणि रंग हिरवट येतो. ट्यूब लावावीच लागली आणि ती जुन्या चोकची असली, तर चाक एमवर आणून शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवा. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. शटर त्या तालात असलं की एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट असा प्रकार होत नाही.

भाकरी तव्यावर टाकतानाचा क्षण पकडायचा असेल तर लागोपाठ फोटो काढा, पण तव्यापासून दीड हात लांब राहून. लेन्सवर वाफ आणि तेलाचे तुषार बसले की पुसायला फार त्रास. जवळून काढायची हौस असेल, रांगोळी, ताट, मुलांची वहीवरची अक्षरं, तर तिथेही कॅनन उजवा. तो रुंद कोनात ५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो आणि पूर्ण झूमवर ४० सेंटिमीटरपर्यंत. सोनी अनुक्रमे ८ सेंटिमीटर आणि १ मीटर. पानात वाढलेल्या पुरणपोळीचा फोटो झूम करून काढायचा आणि त्यासाठी मीटरभर मागे सरकायचं, हे पंगतीत जमणारं नाही.

कॅननमध्ये आणखी एक सोय आहे, जी सोनीत नाही. आत एक एनडी फिल्टर बसवलाय, काळा चष्मा म्हणा, जो उजेड आठव्या हिश्श्यावर आणतो. पावसाळ्यात राधानगरीकडे राऊतवाडीच्या धबधब्याला सहल नेलीत तर तो लावा आणि शटर सेकंदाच्या आठव्या भागावर आणा, कठड्याला टेकवून. पाणी रेशमासारखं येतं. हा फोटो सगळ्यांनी काढून झालाय हे खरं, पण प्रत्येकाला एकदा काढायचाच असतो.

आता त्रासाच्या गोष्टी. बॅटरी दोन्हींची कमकुवत. ठरलेल्या चाचणीत कॅनन एका चार्जमध्ये २३५ फोटो देतो, सोनी २६०. स्नेहसंमेलनाच्या दिवशी नाटक सुरू व्हायच्या आतच संपेल. एक जादा बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच घ्या, कंपनीचीच. चार्जिंगला कॅननला टाइप-सीची वायर लागते, मात्र कुठलाही चार्जर चालत नाही. पीडी लिहिलेला, जास्त ताकदीचाच हवा. जुन्या फोनचा चार्जर लावला आणि दिवा लागला नाही तर कॅमेरा बिघडला म्हणून घाबरू नका. सोनीची वायर अजून जुनी मायक्रो यूएसबी आहे. व्हिडिओत कॅननचा फोकस अधूनमधून मागे-पुढे झुलतो, आणि फोरकेची एक फीत दहा मिनिटांच्या आत आपोआप थांबते. नाच पूर्ण हवा असेल तर फोरकेच्या नादी न लागता फुल एचडीवर ठेवा. शाळेच्या टीव्हीवर फरक कळणार नाही.

आणि एक इशारा, जो जपानमध्ये छापलेल्या कुठल्याही पुस्तिकेत सापडायचा नाही. या दोन्ही कॅमेऱ्यांची लेन्स नळीत नळी अशी आत-बाहेर होते आणि त्या फटींना कसलंही संरक्षण नाही. धूळ, पाणी दोन्ही आत शिरतं. तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणून मुद्दाम सांगतो: जोतिबाच्या चैत्र यात्रेत हा कॅमेरा पर्सबाहेर काढू नका. गुलालाचा कण इतका बारीक, की नळीत गेला तर आतल्या काचेवर कायमचा बसतो, नाहीतर दातेऱ्यात अडकतो आणि लेन्स अर्धी बाहेर येऊन थांबते. तिथे फोनच बरा, ओल्या फडक्याने पुसता तरी येतो. लग्नात अक्षता पडायच्या वेळी लेन्सवर हात धरा. तांदळाचा एक दाणा त्या फटीत गेला तर दुरुस्तीचं बिल वाचून तुम्ही वऱ्हाडाला शिव्या द्याल. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कपड्यांबरोबर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा आणि दर आठवड्याला बाहेर काढून थोडे फोटो काढा. आपल्याकडच्या दमट हवेत, बंद अंधारात लेन्सला बुरशी धरते, आणि वॉरंटीत सहसा ती मोडत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मिस्टर विचारतील म्हणून सांगतो: कॅमेराच का, चांगला फोन का नको? प्रश्न रास्त आहे. एक इंची सेन्सरचे फोन आता आपल्याकडेही मिळतात, शाओमीने आणि विवोने ते आणलेत. दिवसाउजेडी, हातभर अंतरावर, ते यांच्या बरोबरीने उभे राहतात. पण फोन अनेक फोटो एकावर एक रचून एक फोटो तयार करतो आणि चेहरा कसा दिसावा हे स्वतःच ठरवतो. तुमची तक्रार नेमकी तीच आहे. महागडा फोन तेच जास्त सफाईने करेल, एवढंच. कॅमेऱ्यात हे सगळं बंद करता येतं.

बजेट ताणलं जात असेल तर मधला रस्ताही आहे. भाच्याला सांगा, सोनीची ही मालिका नेहमीच अशी कमी उजेडाची नव्हती. मार्क ३ पासून मार्क ५ पर्यंत तिच्यात एफ १.८ ते २.८ चीच लेन्स होती, झूम फक्त ७० पर्यंत. २०१८ च्या मार्क ६ पासून त्यांनी उजेड सोडून अंतर धरलं. मार्क ५ मध्ये ३१५ बिंदूंचा तो वेगवान फोकसही आहे. तो जुना चांगला मिळाला तर तुमच्या स्वयंपाकघराला आणि खांबाजवळच्या खो-खोला दोन्हीकडे चालेल. कॅननचा आधीचा मार्क २ सुद्धा २४ ते १०० आणि १.८ ते २.८ चाच; फोरके नाही आणि माइकची खाच नाही, पण फोटो काढायला उणा पडत नाही. समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओंमुळे कॅनन मार्क ३ ची मागणी २०२३ नंतर इतकी वाढली, की ठिकठिकाणी माल संपला आणि काही जण छापील किमतीहून जास्त मागू लागले. तसं कुणी मागितलं तर चढ्या भावाने मार्क ३ घेण्यापेक्षा मार्क २ बघा.

जुना घेताना घाई करू नका. चालू-बंद करून लेन्स सरळ आत-बाहेर होते का, करकर येते का ऐका. फोनचा टॉर्च तिरका धरून लेन्समध्ये बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, तिथूनच परत फिरा. मग एफ ११ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून बघा. एकाच जागी काळा ठिपका सगळ्या फोटोंत आला तर आत धूळ आहे. बदलता येणारी लेन्स नसल्यामुळे ती धूळ काढायला पूर्ण कॅमेरा खोलावा लागतो, हे किंमत ठरवताना बोलून दाखवा.

नवा घेणार असलात तर दुकानात जाताना स्वतःचं कार्ड घेऊन जा. मुलीलाही न्या. दोन्ही कॅमेऱ्यांत तेच कार्ड घालून दुकानाच्या सर्वांत काळोख्या कोपऱ्यात तिला उभी करा आणि फोटो काढा, मग तिला दारापासून तुमच्याकडे धावत यायला सांगा आणि परत काढा. दुकानदार थोडा वैतागेल, वैतागू द्या. हातात धरूनही बघा: सोनीचं अंग गुळगुळीत साबणासारखं आहे, बोट टेकायला उंचवटाच नाही, कॅननला पुढे छोटी पकड आहे. सोनी घेतलात तर चिकटवायची पकड वेगळी विकत मिळते, ती पहिल्याच दिवशी लावा. मनगटातला पट्टा कुठल्याही कॅमेऱ्याला. फोटो घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघा आणि मगच पैसे द्या. कुणी स्वस्तात, बिलाशिवाय, परदेशातून आणलेला देतो म्हणाला तर इथल्या सेवा केंद्रात त्याची वॉरंटी चालेल का हे आधी फोन करून विचारा. पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून मागा, आणि खोक्यावरचा नंबर कॅमेऱ्याच्या बुडावरच्या नंबराशी जुळतोय ना, ते दुकानातच बघा.